फोर्ट स्टिकिन: एकाच जहाजात कापूस, दारूगोळा आणि सोनं आलं कसं?

9 जून 2025 रोजी केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 'वान हाय 503' हे कंटेनर जहाज पेटलं. कोलंबोहून निघालेलं हे जहाज आपल्या न्हावा शेवाला यायचं होतं. त्याच्यावरचे चार खलाशी सापडले नाहीत आणि आग पुढे कितीतरी दिवस धुमसत राहिली. त्या दिवसांत लोक तीन प्रश्न विचारत होते. चोहोबाजूंनी समुद्र असताना पाणी मारून आग विझत कशी नाही? पेट घेणारा माल असा एकत्र भरतातच कसा? आणि एवढंच धोक्याचं आहे तर जहाज सरळ बुडवून का टाकत नाहीत?

हेच तीन प्रश्न मुंबईत 14 एप्रिल 1944 च्या दुपारी, व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्यावर विचारले जात होते. त्यांचं उत्तर ठरवायला माणसांकडे जेमतेम दोन तास होते. जहाजाचं नाव 'फोर्ट स्टिकिन'. त्याच्या स्फोटाबद्दल मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या ऐकिवात असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची सुरुवात धुरापासून होते. मुळात ते जहाज कुठून आलं, कशासाठी बांधलं गेलं आणि त्याच्या पोटात एवढा विचित्र माल कुणी भरला, हे कळलं की ती दुपार बरीचशी उलगडते.

जहाज बुडतं त्यापेक्षा लवकर जहाज बांधायचं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचा जीव मालवाहू जहाजांत अडकलेला होता. अन्न, तेल, लोखंड, लाकूड, सगळं समुद्रावरून यायचं आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. एकट्या 1942 साली मित्रराष्ट्रांची सोळाशेहून अधिक व्यापारी जहाजं गेली. ब्रिटनमधल्या जहाज कारखान्यांना युद्धनौकांतूनच सवड नव्हती. म्हणून 1940 मध्ये एक ब्रिटिश शिष्टमंडळ अमेरिकेत गेलं. त्याचा प्रमुख सिरिल थॉम्पसन हा सुंदरलंडच्या जहाज बांधणाऱ्या घराण्यातला. त्याच्या पेटीत एका साध्या मालवाहू जहाजाचे नकाशे होते.

त्याच नकाशांतून तीन भावंडं जन्मली: अमेरिकेत ब्रिटनसाठी बांधलेली 'ओशन' जहाजं, कॅनडात बांधलेली 'फोर्ट' जहाजं आणि अमेरिकेने स्वतःसाठी घाऊक बांधलेली 'लिबर्टी' जहाजं. लिबर्टी जहाजं 2,700 हून जास्त झाली. त्यांतल्या पहिल्याला आठ महिने लागले. पुढे सरासरी दीड महिन्यावर आली. 'रॉबर्ट ई. पिअरी' हे जहाज तर 1942 च्या नोव्हेंबरात पाच दिवसही न लागता पाण्यात सोडलं. तो अर्थातच जाहिरातीचा पराक्रम होता, आधीपासून सगळे भाग तयार ठेवून केलेला. पण दीड महिन्याची सरासरी खरी होती आणि युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाची तीच.

हे जमलं कसं? तर चांगलं जहाज बांधायचा हट्ट सोडल्यामुळे. इंजिन निवडलं ते पन्नास-साठ वर्षं जुन्या पद्धतीचं, वाफेचं. त्यात एकच वाफ आधी लहान, मग मध्यम, मग मोठ्या सिलिंडरमधून तीनदा वापरली जाते. टर्बाइन याहून सरस, पण टर्बाइनचे गिअर कापणारी यंत्रं युद्धनौकांसाठी राखून ठेवली होती. या जुन्या इंजिनाची ताकद सुमारे 2,500 अश्वशक्ती, वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. पाणबुडी पाठीशी लागली तर पळून जाणं शक्यच नाही. आकारही डबड्यासारखा, वळणं कमी, म्हणजे पत्रे कापायला सोपे. लिबर्टी जहाजांचं आयुष्य पाच वर्षं धरलं होतं आणि हिशोब असा मांडला जाई की एका खेपेत माल सुखरूप पोहोचला तरी जहाजाचे पैसे वसूल.

'फोर्ट स्टिकिन' हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पार अलास्काच्या सीमेजवळच्या प्रिन्स रूपर्ट या छोट्या बंदरात 1942 साली बांधलं गेलं. फोर्ट जहाजांना हडसन बे कंपनीच्या जुन्या व्यापारी ठाण्यांची नावं द्यायची पद्धत होती. स्टिकिन हे त्यातलंच एक ठाणं. वजन 7,142 टन. हे वजन म्हणजे प्रत्यक्षात जहाजाच्या आतल्या जागेचं माप असतं. त्यात माल मावायचा सुमारे दहा हजार टन. हा दहा हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मालकीचं प्रकरण तर आणखी गमतीचं. बांधलं कॅनडाने, पैसे अमेरिकेचे, युद्धकाळच्या उसनवारी करारावर ते वापरायला मिळालं ब्रिटिश सरकारला, आणि चालवायला दिलं एका ब्रिटिश जहाज कंपनीला. भारतात त्या वेळी काय चाललं होतं? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीने विशाखापट्टणमला जहाज कारखान्याचा पाया 1941 मध्येच घातला होता. पण तिथलं पहिलं मोठं जहाज, 'जलउषा', पाण्यात उतरलं ते 1948 साली.

घाईने बांधलेलं, म्हणजे तकलादू असणार?

ही शंका बरोबर आहे, पण फोर्ट स्टिकिनच्या बाबतीत लागू पडत नाही. लिबर्टी जहाजांचे पत्रे वेल्डिंगने जोडलेले असत. थंड समुद्रात त्यांतल्या काहींना अचानक तडे गेले. 'जॉन पी. गेन्स' हे जहाज 1943 च्या नोव्हेंबरात अलास्काजवळ चक्क दोन तुकडे होऊन गेलं. सगळ्यांनी खापर वेल्डरांवर फोडलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की दोष मुख्यतः पोलादाचा आहे: त्या जातीचं पोलाद ठरावीक तापमानाखाली ठिसूळ होतं. वेल्डिंगचा दोष एवढाच की सगळे पत्रे मिळून एकच सलग पत्रा होतो, त्यामुळे सुरू झालेल्या चिरेला वाटेत अडवायला काहीच नसतं.

फोर्ट स्टिकिन ज्या प्रकारचं होतं त्यात पत्रे रिव्हेटने ठोकलेले असत. एक माणूस शेगडीत रिव्हेट लाल करून चिमट्याने फेकणार, दुसरा ते डब्यात झेलून भोकात बसवणार, तिसरा आतून दाबून धरणार आणि चौथा बाहेरून हवेच्या हातोड्याने त्याचं डोकं चेपणार. एका जहाजात अशी लाखो रिव्हेट. काम वेळखाऊ, पण चीर पुढच्या पत्र्याच्या कडेपाशी थांबते. तेव्हा मुंबईत जे फुटलं ते काही रद्दी जहाज नव्हतं. कॅनडा सोडून दोन वर्षंही झाली नव्हती. ते ठणठणीत होतं.

मग असा माल भरला कुणी?

24 फेब्रुवारी 1944 ला फोर्ट स्टिकिन लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे 1,395 टन दारूगोळा होता: तोफगोळे, टॉर्पेडो, सुरुंग. त्यातला 238 टन माल 'अ' वर्गाचा, म्हणजे आगीची धग लागली की नुसता जळणार नाही, सगळाच्या सगळा एकदम फुटेल असा. शिवाय विमानं होती. आणि रुपयाला आधार द्यायला पाठवलेलं सोनं होतं: 31 पेट्या, प्रत्येकीत चार विटा, एक वीट साडेबारा किलोंहून जास्त. सगळं मिळून दीड टनावर. त्या काळी त्याची किंमत 8 लाख 90 हजार पौंड धरली होती. इथपर्यंत विचित्र काही नाही. युद्धावर निघालेलं जहाज असंच असतं.

घोळ कराचीत झाला. तिथे काही माल उतरला आणि जागा मोकळी झाली. युद्धात रिकामी जागा घेऊन जहाज हलवणं म्हणजे गुन्हाच. दुसरीकडे पंजाब-सिंधचा कापूस मुंबईच्या गिरण्यांना हवा होता आणि रेल्वे लष्करी गाड्यांत गुंतलेली. मग कापूस जहाजात चढला. सोबत वंगणाच्या तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ आणि मासळीचं खत. स्फोटकांसोबत कापूस नेऊ नये हा नियम तेव्हाही होता. युद्धासाठी तो बाजूला ठेवला गेला. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ या भरणीवर खूश नव्हता. जळेल किंवा उडेल असं जवळपास सगळंच आपल्या जहाजात आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

कापूस किती होता? इंटरनेटवर ठिकठिकाणी 87,000 गासड्या असं लिहिलेलं दिसेल. त्या काळची गासडी पावणेदोनशे किलोंच्या आसपास असायची. 87,000 गासड्या म्हणजे पंधरा हजार टन, आणि अख्ख्या जहाजाची ताकद दहा हजार टनांची! एक शून्य कुठेतरी जास्त चिकटलं आणि सगळे ते उतरवून घेत गेले. 8,700 हा आकडा बसतो.

आता हा माल ठेवला कसा ते पाहा, कारण सगळं रामायण तिथे आहे. जहाजाच्या पोटात मालाची मोठी कोठारं असतात, त्यांना होल्ड म्हणतात. फोर्ट स्टिकिनच्या होल्डला मधे एक माळा होता. दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला कापसाच्या गासड्या आणि माळ्यावर 'अ' वर्गाची स्फोटकं. मागच्या बाजूच्या चार नंबरच्या होल्डमध्येही साधारण तोच प्रकार. सोनंही दोन नंबरच्याच माळ्यावर, पोलादी टाकीत बंद करून. म्हणजे चूल खाली आणि दारू वर.

स्फोटकांचं जहाज शहराला खेटून उभं केलंच का?

युद्धाआधी 'अ' वर्गाचा माल बाहेर खोल पाण्यातच पडावांत, म्हणजे माल वाहायच्या लहान होड्यांत, उतरवून घेत. युद्धात जहाजांची रांग लागली. प्रत्येक जहाज लवकर मोकळं व्हायला हवं होतं, म्हणून ही शिस्त सैल केली. 12 एप्रिलला फोर्ट स्टिकिन थेट व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागलं. स्फोटकं आहेत हे दाखवणारा लाल बावटा जहाजावर लावायला हवा होता; तो नव्हता. आजूबाजूची जहाजं, धक्क्यावरचे हमाल, पलीकडच्या मशीद बंदर-मांडवीतले व्यापारी, कुणाला काही कल्पना नव्हती.

दोन दिवस गेले तरी मुख्य धोका पोटातच होता. 'अ' वर्गाची स्फोटकं धक्क्यावर उतरवता येत नाहीत, पडावच लागतात आणि पडाव वेळेवर आले नाहीत. मग जे उतरवता येईल ते आधी उतरवलं. मासळीचं खत सगळ्यात वर होतं आणि त्याचा वास कुणाला सोसवेना.

14 तारखेला दुपारी गोदी कामगार जेवायला गेले. त्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना दोन नंबरच्या होल्डच्या तोंडातून धूर निघताना दिसला होता. फोर्ट स्टिकिनवर कुणाची धावपळ दिसत नाही, म्हणजे काही विशेष नसेल असं समजून त्यांनी सोडून दिलं. कामगार परतले तेव्हा, दोनच्या आधी, खरा गलका झाला.

एवढं पाणी ओतूनही आग का विझेना?

बंब आले, पाणी आत जाऊ लागलं. एकूण 900 टनांहून जास्त पाणी त्या होल्डमध्ये ओतलं गेलं. तरीही आग हटेना.

गावाकडे कडब्याच्या गंजीला आग लागलेली पाहिली असेल तर कारण लगेच कळेल. वरून कितीही पाणी मारा, बाहेरून विझल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी आतून पुन्हा धूर. यंत्रात दाबून बांधलेली कापसाची गासडी तशीच. बाहेरचा थर भिजतो आणि पाणी ओघळून जातं. आतल्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर विस्तव ज्वाळेशिवाय, निखाऱ्यासारखा सरकत राहतो. त्याला विझवायचं तर गासड्या एकेक करून बाहेर काढून फोडाव्या लागतात. धुराने भरलेल्या, वर स्फोटकं असलेल्या होल्डमध्ये उतरून ते करणार कोण?

त्यातून गासड्या तरंगतात. तळाला पाणी साचत गेलं तसा धुमसणारा कापूस वर उचलला गेला, माळ्यावरच्या स्फोटकांच्या दिशेने. विझवायला ओतलेलं पाणीच आग वर चढवत होतं. धुरामुळे आगीचं मूळ कुठे आहे हेही दिसेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जहाजाच्या डाव्या अंगाला, बाहेरून, एका जागचा रंग फुगून सोलला जातोय. आग नेमकी त्या पत्र्याआड. पत्रा कापून तिथूनच पाणी मारावं म्हणून गॅसकटर मागवला, पण तो कामाला आला नाही. होल्डमधलं पाणी तोवर उकळायला लागलं होतं.

दुसरा उपाय होता हवा बंद करण्याचा. होल्डची झाकणं घट्ट लावायची आणि वाफ सोडून आग गुदमरवायची. पण त्यासाठी पाणी मारणं थांबवून, स्फोटकांखाली निखारे ठेवून वाट बघावी लागली असती. आग गुदमरायला तास नाही, दिवस लागतात. मला विचाराल तर आग लक्षात आल्या क्षणी केलं असतं तर कदाचित. अडीच वाजल्यानंतर तोही रस्ता उरला नव्हता.

जहाज बुडवलं का नाही? बाहेर का ओढलं नाही?

बुडवा, असं सांगणारा माणूस तिथे होता: लष्कराच्या दारूगोळा खात्याचा अधिकारी. पण गोदीतल्या पाण्याला तेवढी खोली नव्हती. जहाज तळाला टेकलं असतं आणि माळा पाण्याबाहेर राहिला असता. शिवाय एवढं जहाज बुडायला वेळ लागतो. बाहेर ओढायचं तर गोदीच्या अरुंद तोंडातून, बाकीच्या जहाजांना चुकवत न्यायला हवं. वाटेत फुटलं तर गोदीचं तोंड कित्येक महिने बंद, ऐन युद्धात!

खरी अडचण याहून साधी होती. हुकूम सोडायचा कुणी? जहाज कप्तानाच्या ताब्यात, धक्का बंदर प्रशासनाच्या, आग अग्निशमन दलाच्या आणि स्फोटकं लष्कराची. चौघे एका जागी उभे होते आणि चौघांचं मत वेगळं. दुसऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार एकालाही नव्हता. मालकी तीन देशांत वाटलेलं जहाज म्हटल्यावर हे ओघानेच आलं. आपण आज त्यांना मूर्ख ठरवतो ते सोपं आहे. पण समोरच्या प्रत्येक पर्यायात काहीतरी उडणारच होतं आणि कधी उडेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

चार वाजून सहा मिनिटं

चारला दहा कमी असताना ज्वाळा होल्डच्या तोंडातून वर आल्या आणि जहाज सोडा असा हुकूम झाला. अग्निशमन दलाचे जवान मात्र होज धरून तसेच राहिले. 4 वाजून 6 मिनिटांनी दोन नंबरचा होल्ड फुटला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा गेल्या आणि सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. पाण्याची भिंत उठली आणि सिंधिया कंपनीच्या 'जलपद्म' या सुमारे चार हजार टनांच्या जहाजाची मागची बाजू उचलून धक्क्यावरच्या शेडवर टाकली.

मागचा तुकडा अजून शाबूत होता आणि चार नंबरच्या होल्डमध्ये तसाच माल होता. 4 वाजून 34 मिनिटांनी तो फुटला. मधल्या 28 मिनिटांत जखमींना उचलायला धावलेले लोक दुसऱ्या स्फोटात सापडले.

पहिल्या तडाख्याने जेवढं गेलं त्याहून जास्त आगीने गेलं. पेटता कापूस, तेल, लाकूड आकाशातून गोदामांवर आणि चाळींवर पडत होतं. मशीद बंदर, मांडवीची धान्याची कोठारं पेटली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. आठशे ते तेराशे माणसं गेली असा अंदाज आहे. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात तो त्यांच्यासाठी. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. सात-आठ हजार माणसं सात महिने ढिगारा उपसत होती, तेव्हा कुठे गोद्या चालू झाल्या.

मग नुकसानभरपाईचा पेच आला. आगीचा विमा असलेल्या व्यापाऱ्याचं गोदाम आगीत गेलं, पण ती आग स्फोटाने लागली. मग विम्याचे पैसे मिळायचे की नाही? विमा करारांत स्फोट आणि युद्ध सहसा वगळलेले असत. हे वाद वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळले असते. सरकारने 1944 मध्येच भरपाईचा खास वटहुकूम काढला आणि पैसे तिजोरीतून दिले.

जपान्यांचा घातपात तर नव्हता?

ही शंका त्या संध्याकाळपासूनच होती, आणि तिला खतपाणी सरकारनेच घातलं. शत्रूला गोद्यांची अवस्था कळू नये म्हणून बातम्यांवर कडक बंदी घातली. गंमत अशी की जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली. इथल्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिना उजाडेपर्यंत मोकळेपणाने लिहिता आलं नाही. तोवर मुंबईकरांनी आपापल्या कहाण्या तयार करून घेतल्या होत्या.

चौकशी आयोगाला घातपाताचा पुरावा मिळाला नाही. कुणीतरी होल्डमध्ये विडी-सिगारेटचं थोटूक टाकलं असावं, हा त्यांनी सर्वांत संभवनीय मानलेला निष्कर्ष. कापूस तेलाने माखला तर बाहेरून ठिणगी न लागताही आतल्या आत तापू शकतो, आणि या जहाजात तेलाची पिंपं होती. पण सुरुवात कशानेही झालेली असो, कापसाच्या गासड्यांना आग लागणं ही गोद्यांत नवलाची गोष्ट नव्हती. वर माळ्यावर काय होतं, हे नवलाचं.

सोन्याच्या विटा दूरदूर फेकल्या गेल्या. एक वीट मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती सरकारला परत केली. बहुतेक सोनं परत मिळालं. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक दशकं एखादी वीट हाताला लागायची. आता ती व्हिक्टोरिया गोदीच उरलेली नाही, शेजारच्या प्रिन्सेस गोदीसकट ती भरून टाकली.

या जातीच्या बाकी जहाजांचं काय झालं?

बहुतेकांनी पाच वर्षांचा अंदाज खोटा पाडला. युद्ध संपल्यावर अमेरिकेने लिबर्टी जहाजं स्वस्तात विकायला काढली. ग्रीक मालकांनी सरकारच्या हमीवर 100 घेतली आणि त्यांच्या युद्धोत्तर जहाज धंद्याचा पाया त्यावर रचला गेला. काही भारतीय कंपन्यांनीही युद्धकाळची जहाजं घेतली. वीस-पंचवीस वर्षं ती धान्य, कोळसा, खतं वाहत राहिली आणि मग भंगारात गेली. सान फ्रान्सिस्कोत 'जेरमाया ओब्रायन' आणि बाल्टिमोरमध्ये 'जॉन डब्ल्यू. ब्राउन' ही दोन जहाजं संग्रहालय म्हणून जपली आहेत.

धडा मात्र सगळे शिकले नाहीत. 16 एप्रिल 1947 ला, मुंबईच्या स्फोटाला तीन वर्षं आणि दोन दिवस झाले असताना, अमेरिकेत टेक्सस सिटीच्या धक्क्यावर 'ग्रँडकॅम्प' या फ्रेंच मालकीच्या लिबर्टी जहाजात अमोनियम नायट्रेट खताला आग लागली. पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणं बंद करून वाफ सोडली गेली. मुंबईत जे करायचं राहून गेलं तेच. पण अमोनियम नायट्रेटला जळायला बाहेरची हवा लागत नाही, त्याचा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. झाकण लावल्याने फक्त उष्णता कोंडली. किमान 581 माणसं मेली. कापसाला जो उपाय कदाचित चालला असता तोच खताला घातक ठरला. आग विझवणाऱ्याला आधी माल काय आहे हे कळलं पाहिजे, ते यासाठीच.

आता असं होऊ शकत नाही ना?

नियम तरी आहेत. सागरी मार्गाने धोकादायक माल कसा न्यायचा याची आंतरराष्ट्रीय संहिता 1965 मध्ये झाली आणि 2004 पासून ती बंधनकारक आहे. स्फोटकं, पेट घेणारे द्रव, स्वतःहून तापणारे पदार्थ असे नऊ वर्ग पाडले आहेत आणि कोणता वर्ग कोणापासून किती लांब ठेवायचा याची कोष्टकं आहेत. फोर्ट स्टिकिनची भरणी आज कागदावरच नापास होईल. पळवाट एवढीच की कोष्टक चालतं ते माल पाठवणाऱ्याने लिहून दिलेल्या नावावर. भाडं वाचवायला किंवा कटकट टाळायला कुणी रसायनाचं नाव चुकीचं लिहिलं, तर बंद कंटेनरच्या आत बघायला कुणी जात नाही. हजारो कंटेनर एकावर एक रचलेल्या जहाजावर, मधल्या थरातल्या एका चुकीच्या नावाच्या पेटीपर्यंत पाण्याचा पाइप पोहोचवणं ही 1944 पेक्षा सोपी गोष्ट नाही.

आणि एक जहाज तर अजून तसंच पडून आहे. 'रिचर्ड मॉन्टगोमरी' हे लिबर्टी जहाज 1944 च्या ऑगस्टमध्ये, मुंबईनंतर चारच महिन्यांनी, थेम्स नदीच्या मुखाशी शीरनेस गावाजवळ वाळूत रुतलं आणि मोडलं. निम्मा-अधिक दारूगोळा काढून घेतला. तोवर पुढचा भाग पाण्याने भरला आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं आतच राहिली. किनारा जेमतेम अडीच किलोमीटर. ओहोटीला काय, भरतीलाही त्याच्या डोलकाठ्या पाण्यावर दिसतात. हलवायला गेलं तर फुटेल ही भीती, आणि न हलवावं तर पत्रा दरवर्षी गंजून पातळ होतोय. डोलकाठ्या गंजून मोडल्या तर थेट स्फोटकांवर पडतील, म्हणून निदान त्या तरी कापून काढायच्या असं ब्रिटिश सरकारने 2020 मध्ये जाहीर केलं. ते काम तेव्हापासून वारंवार पुढे ढकललं गेलं आहे.